टायर-सॉकेट बदलल्यावर मीटरवर किती विश्वास ठेवायचा?

गाडीचं वेग दाखवणारं मीटर किती चुकतंय हे विचारण्याआधी ते मोजतं कुठून, ते बघा. मीटरला रस्ता दिसत नाही. कुठलातरी फिरणारा भाग एका मिनिटाला किती वेळा फिरला, एवढंच त्याला कळतं. त्या भागापासून रस्त्यापर्यंत मध्ये जे काही बदललंत, त्याचाच फरक आकड्यात पडतो.

स्प्लेंडरसारख्या केबलवाल्या गाडीत मीटरची केबल पुढच्या चाकाच्या हबमधून येते. मागचा टायर जाड टाका, चेन-सॉकेट (सॉकेट म्हणजे चेन फिरते ते दात्यांचं चाक, स्प्रॉकेट) बदला, मीटरला पत्ताही लागत नाही. काही बाइकना मात्र सेन्सर गिअरबॉक्सच्या पुढच्या सॉकेटपाशी असतो. तिथे सॉकेटही मोजावं लागतं आणि मागचा टायरही. शंका असेल तर गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचं चाक अधांतरी ठेवून पहिल्या गिअरमध्ये हळू फिरू द्या. पँटचा पायचा आणि बोटं चेनपासून लांब ठेवा. मीटर हललं तर मोजणी मागून होते, शून्यावरच राहिलं तर पुढच्या चाकावरून. एबीएसच्या गाडीत असं केल्यावर एबीएसचा दिवा लागू शकतो; गाडी बंद करून पुन्हा चालू केली आणि थोडी चालवली की तो बहुधा विझतो.

कार आणि जीपमध्ये सेन्सर गिअरबॉक्सच्या आउटपुटवर किंवा थेट चाकांवर असतो. गिअरबॉक्सच्या आतले गिअर बदलल्याने वेगाचा आकडा बिघडत नाही, कारण मोजणी त्यांच्या पुढे होते. क्राउन-पिनियन, म्हणजे गिअरबॉक्सनंतर चाकांना फिरवणारी शेवटची गिअरजोडी, बदलला तर मात्र बिघडतो, अर्थात मोजणी चाकांवर होत नसेल तर.

आता हिशेब. टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ लिहिलंय असं धरा. १८५ मिमी रुंदीचे ६५ टक्के म्हणजे टायरची उंची १२०.२५ मिमी, ती रिमच्या वर आणि खाली दोन्हीकडे, म्हणून दुप्पट २४०.५. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की व्यास ६२१.५ मिमी. त्याच रिमवर २०५/६५ चढवला तर व्यास ६४७.५. भागाकार १.०४२. मीटर ८० दाखवत असताना गाडी आधीच्या टायरवर जेवढी पळत होती, त्यापेक्षा आता ४.२ टक्के जास्त पळते. बुलेटवाल्यांसाठी पुढे ९०/९०-१९ च्या जागी १००/९०-१९ टाकला तर फरक २.८ टक्के.

सॉकेटचं गणित सोपं. पुढचं १४ दात्यांचं काढून १५ चं टाकलं तर १५ भागिले १४, म्हणजे ७ टक्के वेग जास्त. मागचं सॉकेट मोठं केलं तर उलटं. जीपला २८ इंची टायर काढून ३१ इंची टाकले आणि गेलेली ओढ परत आणायला ४.२७ चा क्राउन-पिनियन काढून ४.८८ चा बसवला, तर दोन्ही फरकांचा गुणाकार करायचा: १.१०७ गुणिले ०.८७५, म्हणजे ०.९६९. नुसते टायर बदलले असते तर मीटरवरच्या ६० ला गाडी ६६ ने गेली असती. आता ५८ ने जाते. फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही क्राउन-पिनियन एकाच रेशोचे हवेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा बळी जातो.

पण एवढ्यावर मीटरला दोष देऊ नका, ते कारखान्यातूनच जास्त दाखवत येतं. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्र. ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी, दुचाकीला १० टक्के अधिक ८ किमी, इतकं चालतं. म्हणजे कार खऱ्या ८० ने जात असताना मीटरने ९२ दाखवलं तरी ते नियमात बसतं. म्हणून टायर बदलण्याआधीच एकदा मोजून ठेवा.

नाशिकजवळ आडगावच्या पुढे मुंबई-आग्रा महामार्गावर पहाटेची रिकामी वेळ गाठा. टायर थंड असताना कंपनीने सांगितलेली हवा भरा. सपाट, सरळ पट्ट्यावर मीटरचा काटा ६० वर २० सेकंद स्थिर ठेवा आणि शेजारच्याला मोबाइलवरचा जीपीएस वेग वाचू द्या. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही. वेग वाढवताना-कमी करताना जीपीएस मागे रेंगाळतो, तो आकडा धरू नका. हेच ८० ला करा. कार असेल तर समृद्धीही चालेल, पण इगतपुरीजवळच्या बोगद्यात जीपीएसवर विसंबू नका.

जुन्या टायरवर मीटर ८० आणि जीपीएस ७६ आला असेल, तर ७६ गुणिले १.०४२ म्हणजे ७९.२. मोठ्या टायरने मीटर उलट सुधारलं! अशा वेळी वेगाच्या आकड्याला हात लावायची गरज नाही. जीपीएसचा आकडा मीटरच्या वर जायला लागला की मग दुरुस्ती. केबलच्या गाडीत हबमधला केबल फिरवणारा गिअर (वर्म-पिनियन) चाकाच्या मापाला जुळणारा बसवतात. सेन्सरच्या गाडीत मध्ये सेन्सरचे इशारे (पल्स) कमी-जास्त करणारं कॅलिब्रेटर लावतात. काही कारमध्ये स्कॅनरने टायरचं माप बदलता येतं, पण बऱ्याचदा कंपनीच्या यादीतलीच मापं घेतली जातात. स्पीड गव्हर्नर (वेग ठरावीक आकड्यावर रोखणारं यंत्र) असलेल्या पिकअपला हा हिशेब टाळता येत नाही: ८० ला लावलेला गव्हर्नर ४.२ टक्के मोठ्या टायरवर ८३ ला जागा होतो.

खरी गफलत किलोमीटरमध्ये होते. ओडोमीटर, म्हणजे एकूण किलोमीटर दाखवणारा आकडा, वेगाच्या काट्यासारखं मुद्दाम जास्त दाखवत नाही, त्यामुळे टायरचा फरक त्यात पुरता उतरतो. ट्रिप मीटर शून्य करून किलोमीटरच्या दगडांवरून १० किमी चालवा, ४.२ टक्के मोठ्या टायरवर ट्रिपवर ९.६ दिसेल. ऑइल १०,००० ला बदलायचं असेल तर मीटरवर ९,६०० झाले की बदला. ॲव्हरेज १८ दिसत असेल तर ते पावणेएकोणीस धरा. नव्या टायरची ८ मिमी नक्षी झिजून १.६ वर आली की व्यास जवळपास १३ मिमीने घटतो, म्हणजे २ टक्के. म्हणून टायर अर्धे झिजल्यावर ही चाचणी पुन्हा करा, आणि टायर किती किलोमीटरला बदलले तो आकडा सर्व्हिस बुकात लिहून ठेवा.