मुलांना स्कूलबसमध्ये बसवण्याआधी

इंदूरला लोकमान्यनगरच्या बाजूनं जाणाऱ्या शाळेच्या बसवर मी मुलांना चढवते-उतरवते. आईबाबांनो, सत्र सुरू होण्याआधी एकदा स्वतः बसमध्ये चढून बघा. पिवळा रंग, पुढेमागे ‘स्कूल बस’ हे बाहेरून दिसतंच. खिडक्यांचे आडवे गज, प्रथमोपचार पेटी, आग विझवायच्या सिलिंडरवरची मुदत पाहा. आपत्कालीन दार मात्र उघडूनच दाखवायला सांगा. पुष्कळदा तिथे दप्तरांचा ढीग असतो, नाहीतर खिट्टी गंजलेली. स्पीड गव्हर्नर, म्हणजे बसचा वेग ठरलेल्या मर्यादेत ठेवणारं यंत्र, चालू आहे का, तेही विचारा. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या बायपासवर स्कूलबसच्या अपघातात चार मुलं आणि ड्रायव्हर गेले.

खरी काळजी उतरताना. मूल बसच्या अगदी पुढून पळतं आणि उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला ते दिसतच नाही. म्हणून घ्यायला येणाऱ्यानं दाराच्या बाजूलाच उभं राहावं, रस्त्यापलीकडून हाक मारू नये. रोजच्याऐवजी दुसरं कोणी येणार असेल तर आधी कळवा. मागे कितीही हॉर्न वाजोत, अनोळखी माणसाच्या हाती मी मूल देत नाही. शेवटच्या स्टॉपनंतर मी प्रत्येक सीटखाली वाकून बघते, कारण लहानगी झोपून जातात. तुमच्या बसवरची ताई हे करते का, जरूर विचारा.