रिकिबीचे पट्टे : या चुका टाळा

तीन महिने आमचे घोडेस्वारीचे सर मला एकच वाक्य ऐकवत होते, "डावीकडे कलतेयस." मी कंबर सरळ केली, खांदे सरळ केले, घरी आरशासमोर स्टुलावर बसून सराव केला. शेवटी तबेल्यातल्या सईसकाकांनी माझ्या सॅडलचे, म्हणजे खोगिराचे, रिकीब (पाय ठेवायचं कडं) लटकवायचे दोन्ही पट्टे काढले आणि बकलं एकाच खिळ्याला अडकवून पट्टे शेजारी शेजारी खाली सोडले. दोन्हीकडे मी आठवंच भोक वापरत होते. डाव्या पट्ट्याचं आठवं भोक उजव्यापेक्षा चांगलं तीन सेंटिमीटर खाली होतं. "ताई, कंबर बरोबर आहे तुमची. पट्टा वाढलाय," काका म्हणाले.

इंग्लिश सॅडलवर शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. दोन्हीकडे भोकाचा आकडा सारखा आहे, म्हणजे लांबीही सारखीच असं आपण धरून चालतो. पण आपण घोड्यावर चढतो डावीकडून. दर वेळी सगळं वजन डाव्या पट्ट्याला लोंबतं आणि कातडं हळूहळू ताणत जातं. पट्टा दुहेरी लटकतो, म्हणून तीन सेंटिमीटर वाढला की रिकीब दीड सेंटिमीटर खाली येते. तेवढ्यानेही पाठ आणि घोडा दोघांनाही त्रास होतो. उपाय बिनपैशाचा आहे. दर पंधरा दिवसांनी डावा पट्टा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावायचा, आणि चढताना ओटा किंवा भक्कम स्टूल वापरायचं. नवीन जोडी तर सुरुवातीच्या आठ-दहा फेऱ्यांत हमखास वाढते, तेव्हा त्या काळात खिळ्याची परीक्षा दर आठवड्याला घ्या.

दुसरी तक्रार मांडीला पडणाऱ्या काळ्यानिळ्या डागाची. त्यावर लोक महागडे मऊ पट्टे घेतात, जाड जीन्स चढवतात. बहुतेक वेळा दोष बकलाच्या जागेचा असतो. लांबी बदलली की बकल घसरून मांडीखाली येतं आणि तिथेच राहतं. भोक बदलून झालं की पट्ट्याची आतली बाजू खाली ओढायची, म्हणजे बकल वर सरकून थेट स्टिरप बारला, म्हणजे सॅडलवरच्या ज्या दांडीला पट्टा अडकवतात तिला, टेकतं. तिथे वर सॅडलचंच झाकण असतं, त्यामुळे ते टोचत नाही. उरलेलं टोकही मांडीखाली गोळा होऊ देऊ नका, फ्लॅपवरच्या (सॅडलच्या बाजूला लोंबणाऱ्या पाळीवरच्या) खाचेत सरकवा. एवढं करूनही पोटरी सोलवटत असेल, तर ते पैसे हाफ चॅप्सवर, म्हणजे पोटरीभोवती घालायच्या आवरणांवर, घाला. माझ्या मते नवशिक्याने पट्ट्याआधी त्याच घ्याव्यात. आणि नडगीवर पट्ट्याची कड रुतत असेल, तर रिकीब उलटी वळवून पाय घातलाय. योग्य वळली की पट्टा चपटा बसतो.

लांबी न मोजता पट्टा घेणं ही तिसरी चूक. मोठ्या माणसांसाठी साधारण ५४ इंची पट्टा मिळतो. उंची कमी असेल किंवा उड्यांसाठी आखूड रिकीब लागत असेल, तर ४८ इंची पुरतो. लांब पट्टा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन रिकिबीभोवती गुंडाळायचा, हा प्रकार मुलांच्या बाबतीत सर्रास दिसतो. गुंडाळलेला पट्टा नीट लटकत नाही, रिकीब तिरकी राहते. मुलासाठी आखूड पट्टाच घ्या. भोकं बहुधा एकेक इंचावर असतात, त्यामुळे एक भोक बदललं की रिकीब अर्धा इंचच हलते. मधलं माप हवं असेल, तर गोल पंचने दोन्ही पट्ट्यांवर एकाच जागी भोक पाडा. खिळा तापवून किंवा सुरीने पाडलेल्या भोकापासून कातडं फाटत जातं.

आता खर्चाबद्दल. महाग म्हणजे चांगलं असं इथे मुळीच नाही. कानपूर हे आपल्याकडचं सॅडलरीचं मोठं केंद्र, तिथल्या मालाला भौगोलिक मानांकनही आहे, आणि साधा, नक्षी नसलेला पट्टा तिथल्या कारागिरीत उत्तम मिळतो. पैसे दोनच गोष्टींवर द्या : बकलाजवळचे टाके आणि बकलाचं पोलाद. बकल स्टेनलेस स्टीलचं हवं. मुलामा दिलेलं बकल आमच्या पावसाळ्यात गंजतं, मग त्याची जीभ भोकं कापते. मऊ लेदर, जास्तीची शिलाई, रंगीत कडा ही सगळी खोगीरभरती. म्हशीचं कातडं मजबूत असतं पण ताणतंही जास्त. आतून नायलॉन आणि वरून कातडं असलेला पट्टा कमी वाढतो. पावसात रोज चालवायचं असेल, तर सिंथेटिक पट्टा धुऊन लगेच वापरता येतो आणि सहसा खिशालाही परवडतो. चांगल्या इंग्लिश पट्ट्यात कातड्याची गुळगुळीत बाजू रिकिबीकडे आणि खरखरीत बाजू बाहेर असते, कारण घासणं सोसते ती गुळगुळीत बाजू. उलटा शिवलाय म्हणून तो परत करू नका.

घेण्याआधी स्वतःचा सॅडल सोबत न्या. पट्टा फार जाड किंवा रुंद असेल, तर तो बारमधून सहज सुटत नाही. पडल्यावर पाय अडकला, तर पट्टा मागे घसरून निसटायलाच हवा. बारच्या टोकाची सुरक्षा-कडी म्हणूनच चालवताना उघडी, सपाट ठेवायची. ती वर वळवून "आता पट्टा निघणार नाही" म्हणून समाधान मानणारे मी पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी जाऊन ती खाली केली आहे.

निगेत अति तेल हा मोठा गुन्हा. तेलात भिजवलेलं कातडं मऊ होतं तसं ताणतंही, आणि टाके कुजतात. ओल्या फडक्याने घाम पुसा, ग्लिसरीनचा सॅडल सोप लावा, सावलीत वाळवा. जूनपासून बुरशी धरते, तेव्हा पट्टे बंद पेटीत न ठेवता मोकळ्या हवेत टांगा.

दर महिन्याला रिकीब लटकते ती जागा आणि बकलाची घडी बोटांनी वाकवून बघा. आडवी भेग दिसली, तर तो पट्टा त्या दिवसापासून सॅडलवर चढवू नका. टाके उसवले असतील, तर मेणाच्या जाड दोऱ्याने नव्याने शिवून घेता येतात. भेगेला मात्र दुरुस्ती नाही.