शब्द चुकला की सांगू नका, अक्षराखाली बोट ठेवा

मूल ‘बदक’ऐवजी ‘बदल’ वाचतं. आपण लगेच म्हणतो, “बदल नाही रे, बदक!” ते आपल्यामागून ‘बदक’ म्हणतं, पण अक्षराकडे पाहतच नाही. दोन ओळींनंतर पुन्हा ‘बदल’.

त्याऐवजी असं करून बघा:

१. मनात ५ पर्यंत मोजा. बरीच मुलं तेवढ्यात आपणहून मागे येऊन शब्द सुधारतात. हे गप्प राहणं आपल्यालाच जड जातं, पण ते जमवाच.

२. नाही सुधारला, तर आधी बरोबर आलेलं सांगा: “ब आणि द छान वाचलंस.” मग ‘क’खाली बोट ठेवून विचारा, “हे कोणतं?” ‘पाटी’चं ‘पटी’ झालं असेल तर बोट कान्यावर. घ-ध किंवा भ-म यांत गोंधळ होत असेल तर दोन्ही अक्षरं शेजारी-शेजारी मोठी लिहा आणि फरक त्यालाच शोधू द्या.

३. अक्षर आठवतच नसेल तर सांगून टाका, ताटकळत ठेवू नका. मग अख्खा शब्द आणि वाक्य त्याला पहिल्यापासून वाचू द्या.

चित्र दाखवून “ओळख बरं” म्हणू नका, त्याने अंदाज बांधायची सवय लागते.

एक मात्र सांभाळा: घरी ‘पानी’ म्हणणारं मूल छापलेलं ‘पाणी’ तसंच वाचत असेल, तर ती वाचनातली चूक नव्हे. तिथे टोकू नका.