धूर की ढग? सॅटेलाइट इमेजवर धुराचा माग काढायला शिकताना

बरेच जण विचारतात की दादा, नागपुरात राहून हे सॅटेलाइटवरून धूर, राख वगैरे बघायचं शिकता येतं का, तर हो येतं, लॅपटॉप आणि बरं नेट पाहिजे बस. नासाच्या वर्ल्डव्ह्यू (रोजच्या सॅटेलाइट इमेज) आणि फर्म्स (आगीच्या जागा लाल ठिपक्यांनी दाखवणारी) या साइट फुकट आहेत, आपल्या इस्रोची मोसडॅक साइटही आहे, इन्सॅटच्या इमेज तिथे मिळतात.

माझी पहिली चूक सांगतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मार्चमधला गडचिरोलीचा वणवा घेतला होता. पांढुरका पट्टा दिसला की धूर, असं धरून तीन दिवस नकाशावर रेघा ओढत बसलो. भंडाऱ्याचा एक सीनियर चहा पिता पिता म्हणाला, "काहून बे, खालचा वारा इकडे अन् तुझा धूर तिकडे?" तो सिरस ढग निघाला, खूप उंचावरचा, वरच्या पश्चिमेच्या वाऱ्यावर सरकणारा. मग त्या सीनियरनेच इन्फ्रारेड (उष्णता टिपणारी) इमेज उघडून दाखवली, त्यात पातळ धूर जवळपास गायब होतो, खालची तापलेली जमीन आरपार दिसते, आणि सिरस मात्र थंडगार पांढरा उठून दिसतो. शिवाय धुराला बूड असतं, मागे मागे गेलं की फर्म्सवरचा आगीचा लाल ठिपका सापडतो. अर्थात प्रत्येक ठिपका वणवा नसतो हां, भिलाईच्या स्टील प्लांटवरही दिसतो, म्हणून रोज त्याच जागी येतो का ते बघायचं.

ज्वालामुखीची राख हे जरा वेगळं प्रकरण. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी फुटला आणि दुसऱ्या दिवशी रात्री राख दिल्लीपर्यंत आली. रात्री साधा फोटो काय कामाचा, तेव्हा ११ आणि १२ मायक्रॉनच्या दोन इन्फ्रारेड चॅनलच्या तापमानांची वजाबाकी करतात (११ वजा १२), राख असेल तर उत्तर बहुतेक उणे येतं, बर्फाच्या ढगात उलट. हवेत बाष्प जास्त असेल तर गंडतं, त्यामुळे जोडीला सेंटिनेल-५पी या युरोपच्या सॅटेलाइटचा सल्फर डायऑक्साइड बघायचा, पण तो उजेडातच मिळतो. घरून आईचा फोन, मास्क लावू का म्हणून! राख कित्येक किलोमीटर वर होती, घाबरायचं तर विमानवाल्यांनी. फ्रान्समधल्या तुलूजचं ज्वालामुखी राख सल्ला केंद्र त्यांच्यासाठीच बुलेटिन काढतं, ते वाचायची सवय लावा, उंची आणि दिशा कशी लिहितात ते कळतं.

एरोसोल ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे हवेतले धूर-धुळीचे कण किती उजेड अडवतात तो आकडा, पाहून आज हवा खराब असं ठोकून देऊ नका, तो जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा आकडा आहे, नाकाजवळ काय ते सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) स्टेशनवर बघायचं.

पायथन, म्हणजे प्रोग्रामिंग, हळूहळू येतं, सुरुवातीला क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर पुरे. एमआरसॅक, राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र, नागपुरातच आहे, तिथली कामं कोणती ते बघून ठेवा. आणि मोहफुलांच्या सीझनला, मार्च-एप्रिलात, फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात तेव्हा, कुठलाही एक ठिपका धरा आणि पाच दिवस त्याचा धूर रोज हाताने कागदावर काढा, मी अजूनही काढतो.