किंबर्लीत बोट आणि छोटं विमान : या चुका टाळा

किंबर्ली म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा कोपरा. क्षेत्रफळ चार लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा मुलूख, आणि माणसं मात्र आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील एवढीच. पश्चिमेकडच्या ब्रूम गावाहून पूर्वेकडच्या कुनुनुराला हायवेने जायचं तर हजार किलोमीटरहून जास्त. किनाऱ्याच्या बऱ्याच भागाला रस्ताच नाही. त्यामुळे इथलं पर्यटन बोट आणि सहा-आठ सीटच्या विमानावर चालतं, आणि पर्थ-मेलबर्नला मुलांकडे आलेले आई-बाबा जेव्हा 'तेही बघून घेऊ' म्हणतात, तेव्हा चुका बुकिंगच्या वेळीच होतात.

तिथी न बघता तारीख ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टॅलबट बे इथला 'हॉरिझॉन्टल फॉल्स' हा डोंगरावरून पडणारा धबधबा नाही. समुद्राला समांतर अशा दोन डोंगररांगा आहेत आणि प्रत्येकीत एक अरुंद फट. भरती-ओहोटीचं पाणी त्या फटींतून पुरेशा वेगाने जाऊ शकत नाही, दोन्ही बाजूंच्या पातळीत फरक पडतो आणि पाणी आडवं उसळत धावतं. भरतीला एका दिशेने, ओहोटीला उलट्या. जवळच्या डर्बीला भरती-ओहोटीतला फरक अकरा मीटरच्या वर जातो. मुंबईत तो जेमतेम पाच.

म्हणजे सगळा खेळ उधाणाचा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी खवळलेलं असतं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तीच जागा बऱ्यापैकी शांत दिसते आणि 'एवढे पैसे यासाठी?' असं वाटतं. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण पॅकेज बुक करताना कॅलेंडरऐवजी आपण फक्त सुट्टी बघतो. दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची, कारण पाणी पालटताना काही मिनिटं प्रवाह थांबतोच, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. बुकिंगआधी डर्बी किंवा टॅलबट बेचं भरतीचं कोष्टक बघा आणि कंपनीला थेट विचारा : 'आम्ही पोहोचू तेव्हा पाणी धावत असेल का?'

आणखी एक. व्हिडिओत बोटी त्या फटींतून सुसाट जाताना दिसतात, म्हणून तोच अनुभव मिळेल असं धरून चालू नका. जोराच्या उधाणात बोट आत जात नाही. २०२२ मध्ये इथे बोटीला मोठा अपघात होऊन अनेक प्रवासी जखमी झाले. ही जागा इथल्या मूळनिवासी डांबीमंगारी लोकांसाठी पवित्र आहे, आणि त्यांच्या इच्छेनुसार २०२८ पासून बोटींनी फटींतून जाणं बंद करायचं ठरलं आहे. माझ्या मते विमानातून वरून दिसणारं दृश्यच जास्त देखणं आहे. तेव्हा हळहळायचं कारण नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जाणं

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुनुनुरात पारा चाळिशीला टेकतो, हवा दमट आणि पाऊस अजून नाही. धबधबे तोवर आटलेले. उलट आपली मेची सुट्टी इथे अगदी चपखल बसते : पावसाळा नुकताच संपलेला, नद्यांना पाणी, आकाश स्वच्छ. जून-जुलै हवेला उत्तम, पण तेव्हा ऑस्ट्रेलियन शाळांनाही सुट्टी असते, म्हणून काही महिने आधी बुक करा.

दुपारचं विमान, खोटं वजन

जमीन तापली की छोटं विमान गचके खातं. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना हे विमान हमखास लागेल. सकाळची पहिली फेरी घ्या, मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून उड्डाणाच्या आधी घ्या (चक्कर यायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही), आणि मोबाइलच्या पडद्याऐवजी क्षितिजाकडे बघा. विमानात शौचालय नसतं. सकाळचा दुसरा चहा टाळलेला बरा.

वजन विचारतात ते खरं सांगा. त्यावरूनच कोण कुठे बसणार हे ठरतं, आणि विमानतळावर काट्यावर उभं करतातच. खिडकीवरून भांडायचीही गरज नाही : बहुतेक विमानांचे पंख वर असतात, आणि वैमानिक दोन्ही बाजूंनी घिरट्या घालतो. फोटोंसाठी गडद रंगाचा शर्ट घाला, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडत नाही. कॅमेऱ्यावरचा पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, नाहीतर खिडकीच्या प्लास्टिकवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात.

बंगल बंगल या डोंगररांगेतले नारिंगी-काळ्या पट्ट्यांचे घुमट फक्त वरून बघून परतणं हीसुद्धा चूकच म्हणेन. कुनुनुराहून जाऊन-येऊन साधारण दोन तास जातात. शक्य असेल तर तिथल्या राष्ट्रीय उद्यानातल्या धावपट्टीवर उतरून कॅथेड्रल गॉर्ज या घळीपर्यंत चालवणारी सहल घ्या. ते काळे पट्टे सूक्ष्म जीवांचे आहेत, ओल धरणाऱ्या थरांवर वाढलेले. हे जवळ गेल्यावरच कळतं. गाडीने जायचं तर हायवेपासून ५३ किलोमीटरचा फोर-व्हील ड्राइव्हचा खडतर रस्ता आहे आणि पावसाळ्यात तो बंदच असतो.

'इथे पोहतात, म्हणजे तिथेही चालेल'

लेक आर्गाइलवर बोटीतून उतरून लोक खुशाल पोहतात. तिथल्या मगरी गोड्या पाण्यातल्या, लाजाळू, सहसा माणसाच्या वाटेला न जाणाऱ्या. पण ऑर्ड नदीवर कुनुनुराच्या बंधाऱ्याखाली आणि सगळ्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातली मगर असते, आणि ती माणूस खाते. बोटवाला 'हो' म्हणाल्याशिवाय पाय ओला करू नका. जाता जाता : १९७२ मध्ये उद्घाटन झालेल्या ऑर्ड धरणाच्या या तलावाखाली मिरिवूंग आणि गिजा या मूळनिवासी लोकांच्या पवित्र जागा बुडाल्या. गुरं पाळणाऱ्या गोऱ्या ड्युरॅक कुटुंबाचं घर मात्र दगड सोडवून वर आणून पुन्हा बांधलं. कोयना-उजनी ठाऊक असलेल्याला हा हिशेब नवा नाही.

घड्याळ, खाऊ आणि पुढचं विमान

डार्विनहून गाडीने आलात तर कुनुनुराच्या अलीकडेच घड्याळ दीड तास मागे जातं. परत जाताना तेवढंच पुढे, आणि तिथे विमान चुकतं. राज्याच्या सीमेवर तपासणी नाका आहे : फळं, भाज्या, मध, बिया आधीच संपवा किंवा टाकून द्या. शहराबाहेर मोबाइलला बहुधा रेंज नसते, म्हणून तिकीट आणि नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा. खराब हवेमुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे बुकिंगच्या वेळी लेखी घ्या. आणि ब्रूम किंवा कुनुनुराहून निघायच्या दिवशी सकाळी सहल ठेवू नका. ती आदल्या दिवशीच उरका.