टॅबवरचं उत्तर वाचतंय कोण?

कॅन्सरच्या डे-केअरमध्ये नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा हातात टॅब देऊन मला एवढंच सांगितलं होतं, की केमोआधी पेशंटकडून त्याच्या लक्षणांचा फॉर्म भरून घ्यायचा. फॉर्म भरून घेणं दोन दिवसांत जमलं. तो वाचायचा असतो हे कळायला मात्र एक चूक व्हावी लागली.

पेशंट घरूनही मोबाइलवर लक्षणं नोंदवायचे. एकाने शनिवारी संध्याकाळी जुलाब 'अतितीव्र' असल्याची नोंद केली. अलर्ट आमच्या सगळ्यांच्या सामाईक ईमेलवर आला आणि तिथेच पडून राहिला. सोमवारी तो पेशंट व्हीलचेअरवरून आला, जीभ पार कोरडी पडलेली. 'मी तर कळवलं होतं,' एवढंच म्हणाला. तेव्हा नवीन ठिकाणी गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा: सुट्टीच्या दिवशी अलर्ट कोण बघतं? कोणीच बघत नसेल, तर तसं फॉर्मच्या पहिल्याच स्क्रीनवर लिहायला लावा आणि तातडीचा फोन नंबरही तिथेच द्या.

पेशंटने अशी लक्षणं नोंदवण्याचा उपयोग होतो का, ही शंका मलाही होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये पसरलेल्या कॅन्सरच्या 766 पेशंटवर झालेल्या चाचणीचे निकाल 2017 मध्ये आले. ऑनलाइन लक्षणं नोंदवणाऱ्यांचा जगण्याचा मध्यक काळ (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले असा) 31.2 महिने निघाला, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचा 26. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच. त्रास दोन पायऱ्यांनी वाढला किंवा तिसऱ्या, म्हणजे 'तीव्र' पायरीवर पोचला, की नर्सला लगेच ईमेल जायचा. अलर्टची पातळी अशी विचार करून ठरवावी लागते. बारीकसारीक गोष्टीला अलर्ट वाजू लागला, की आठवडाभरात सगळे त्याकडे काणाडोळा करतात. (मीही केलाय.)

फॉर्म नेमका किती दिवसांबद्दल विचारतो, तेही पाहून ठेवा. कॅन्सरच्या उपचारांमुळे होणाऱ्या त्रासांचा प्रो-सीटीसीएई फॉर्म मागच्या सात दिवसांबद्दल विचारतो, नैराश्यासाठीचा पीएचक्यू-9 दोन आठवड्यांबद्दल. पीएचक्यू-9 मध्ये नुसत्या बेरजेवर जाऊ नका. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल, तर एकूण गुण कमी असले तरी पेशंटशी त्याच दिवशी बोलायचं.

आणि टॅब कोणाच्या हातात आहे तेही बघा. एकदा मुलगा विचारत होता, 'बाबा, दुखत नाही ना फार?' बाबा म्हणाले, 'छे!' दुखण्याची नोंद झाली दहापैकी दोन. मुलगा बिल भरायला गेल्यावर मी पुन्हा विचारलं, तर बाबा हळूच म्हणाले, सात. प्रश्नच 'नाही ना' असा विचारला, की उत्तर दुसरं काय येणार?

आता मी तपासणीच्या सुरुवातीलाच स्क्रीन पेशंटकडे वळवते आणि त्यांची नोंद वाचून दाखवते. 'मंगळवारी मळमळ फार होती असं लिहिलंय तुम्ही. गोळीनं थांबली का?' एक आजी चकित झाल्या, 'म्हणजे वाचता होय तुम्ही हे!' तोवर त्या प्रत्येक प्रश्नाला 'अजिबात नाही' दाबून मोकळ्या व्हायच्या. पुढच्या खेपेला त्यांनी बोटांच्या मुंग्या पहिल्यांदा नोंदवल्या. महिनाभर त्यांना स्वतःची बटणं लावता येत नव्हती. डॉक्टरांनी त्याच दिवशी औषधाचा डोस कमी केला.