शेवटचा दिवस यायच्या आत नोकरी शोधताय? या चुका टाळा

एचआरची 'छोटीशी मीटिंग' झाली आणि शेवटची तारीख हातात पडली, की हिंजवडीतला माणूस पहिलं काय करतो? कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो: 'हाय ऑल, लुकिंग फॉर चेंज, प्लीज रेफर.' खाली पीडीएफ, नाव 'रेझ्युमे फायनल नवा 2'. दोन-चार अंगठे येतात आणि ग्रुप परत कुणाच्या तरी बारशाच्या फोटोंकडे वळतो. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी बघेल.

अहो, रेफर करणाऱ्याला, म्हणजे आपल्या कंपनीत तुमचं नाव सुचवणाऱ्याला, कंपनीच्या पोर्टलवर जॉब आयडी, म्हणजे त्या जागेचा नंबर, टाकावा लागतो. तो त्याने का शोधायचा? मी ज्यांचं काम त्याच दिवशी करतो, त्यांचा मेसेज साधारण असा असतो: 'दादा, तुमच्याकडे जावा बॅकएंडची जागा निघालीय, जॉब आयडी खाली दिलाय. सहा वर्षं पेमेंट्समध्ये आहे. लेऑफमध्ये नाव आलंय, 30 तारखेला मोकळा होतोय.' संपलं. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली तीन परिच्छेदांची स्तुती नको. ती पहिल्या ओळीत ओळखू येते.

आणि लेऑफ, म्हणजे कपातीत नोकरी गेली हे, लपवू नका. 90 दिवसांच्या नोटीसला वैतागलेल्या रिक्रूटरला 'पंधरा दिवसांत येतो' म्हणणारा माणूस हवाच असतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: फोन येईल त्या कन्सल्टन्सीला, म्हणजे कमिशनवर माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला, सीव्ही देणं. आमच्या टीममधला एक टेस्टर, कामाला पक्का. घाबरून त्याने जो मेल येईल त्याला 'येस, प्रोसीड' लिहिलं. कंपनी कुठली, विचारलंच नाही. पुढे खराडीतल्या एका कंपनीत त्याची जुनी मॅनेजर निघाली. ती स्वतःहून रेफर करायला बसली, तर पोर्टल म्हणतं, उमेदवार आधीच नोंदलेला आहे. कुठल्याशा कन्सल्टन्सीने त्याचं नाव आधीच चढवून ठेवलं होतं. बऱ्याच कंपन्यांत अशी नोंद काही महिने त्या एजन्सीच्याच खात्यावर राहते, कारण कमिशनचा प्रश्न असतो. मॅनेजरने एचआरला दोनदा फोन केला, उपयोग शून्य. जागा भरली, आणि त्या कन्सल्टन्सीने याला परत फोनही केला नाही.

माझी सवय सांगतो. एक वही: कंपनी कुठली, आणि नाव कोणाच्या हातून गेलं. वहीच, एक्सेल उघडलं की रंग भरण्यात संध्याकाळ जाते. कन्सल्टंटला मेलवरच सांगायचं, कंपनीचं नाव कळवून माझा होकार घेतल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवू नका. जो कुरकुर करेल त्याला सोडून द्यायचं. आधी ओळखीची दारं, मग कन्सल्टन्सी. पण धीर कोणाला आहे!

बाकीच्या चुका पटापट. क्लायंटकडच्या आणि जुन्या टीममधल्या लोकांना आत्ताच लिंक्डइनवर जोडा, ऑफिसच्या टीम्स चॅटचा अ‍ॅक्सेस कधी जाईल सांगता येत नाही. सीव्ही ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका. कंपनीच्या नावाने जाहीर शिमगा करू नका, रिक्रूटर वाचतात. अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नोकरी संपल्यापासून दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, तेव्हा फोन त्याआधीच सुरू करा.

दुसऱ्याच दिवशी 'एनी अपडेट?' विचारणाऱ्याला मी म्यूट करतो. आठवड्याने एकदा विचारा. आणि दुसरीकडे ऑफर मिळाली तर तेही कळवा, नाहीतर मी इकडे तुमच्यासाठी एचआरच्या मागे लागलेलाच असतो.